जोनाथन एडवर्ड्स : जीवन, विचार आणि प्रभाव

प्रस्तावना :
अमेरिकेच्या वसाहतकालीन बौद्धिक इतिहासात जोनाथन एडवर्ड्स (१७०३-१७५८) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. धर्मोपदेशक, तत्त्वचिंतक आणि महाविद्यालयाचे अध्यक्ष या तिन्ही भूमिका त्यांनी पार पाडल्या. त्यांचे अध्यक्षपद जेमतेम काही आठवड्यांचे होते. प्रभाव मात्र शतकाहून अधिक काळ टिकला.

जीवनपट :
कनेक्टिकटमधील ईस्ट विंडसर येथे जन्मलेल्या एडवर्ड्स यांनी येल येथून १७२० मध्ये पदवी घेतली. १७२७ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थम्प्टन येथे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांचे सहायक झाले आणि १७२९ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुख्य धर्मोपदेशक झाले. १७३४-३५ मध्ये तेथे झालेल्या धर्मजागृतीचा वृत्तान्त त्यांनी लिहिला व तो इंग्लंडमध्येही वाचला गेला. पुढे प्रभुभोजनाच्या विधीत सहभागासाठी खऱ्या श्रद्धेची कबुली आवश्यक मानावी, असा आग्रह त्यांनी धरला. आजोबांनी रूढ केलेल्या उदार प्रथेला हा थेट छेद होता. परिणामी १७५० मध्ये मंडळीने त्यांना पदावरून दूर केले.

विचार :
१७५१ पासून स्टॉकब्रिज या सीमावर्ती वस्तीत मूळनिवासींमध्ये धर्मकार्य करताना त्यांनी इच्छास्वातंत्र्यावरील ग्रंथ (१७५४) सिद्ध केला. मनुष्य आपल्या इच्छेनुसार वागू शकतो, परंतु ती इच्छा प्रबळतम प्रेरणेने ठरते; म्हणून कर्म पूर्वनियत असूनही मनुष्य उत्तरदायी राहतो, हे त्याचे सूत्र होय. पदच्युतीनंतरच्या काळात त्यांचे प्रगल्भ लेखन घडले, ही बाब लक्षणीय आहे.

अध्यक्षपद आणि वारसा :
जावई एरन बर यांच्या निधनानंतर एडवर्ड्स यांना न्यू जर्सी महाविद्यालयाचे (आजचे प्रिन्स्टन विद्यापीठ) अध्यक्षपद देण्यात आले. फेब्रुवारी १७५८ मध्ये त्यांनी ते स्वीकारले. त्यानंतर देवी टोचून घेतल्यामुळे २२ मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला. नातू टिमोथी ड्वाइट पुढे येलचे अध्यक्ष झाले. डेव्हिड ब्रेनर्ड यांचे एडवर्ड्स यांनी लिहिलेले चरित्र (१७४९) मिशनरी चळवळीला प्रेरक ठरले. याच धार्मिक परंपरेतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. १८१३ मध्ये त्याचे मिशनरी मुंबईत आले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' सुरू केले.

निष्कर्ष :
एडवर्ड्स यांच्या मूल्यमापनात एक विसंगती टाळता येत नाही. निःस्वार्थ सद्गुणाचे विवेचन करणाऱ्या या विचारवंताने स्वतः गुलाम बाळगले होते. त्यांचे शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स आणि पुत्र जोनाथन यांनी मात्र त्याच नीतिविचाराच्या आधारे गुलामगिरीला विरोध केला. गुरूला स्वतःच्या आचरणात उतरवता न आलेला निष्कर्ष पुढील पिढीने काढला. शिक्षकाचा प्रभाव त्याच्या पदाच्या कालावधीने मोजता येत नाही आणि त्याच्या विचारांची चिकित्सा हाही त्या प्रभावाचाच भाग असतो, हे या चरित्रावरून स्पष्ट होते.