संभाषण आणि वाचनातील अर्थग्रहण

अक्षरे ओळखता येणे आणि वाचलेले समजणे या दोन भिन्न क्रिया होत. मूल वाक्य खणखणीत वाचते, परंतु त्याचा अर्थ विचारला असता गप्प राहते, हा प्राथमिक शाळेतील परिचित अनुभव आहे. फिलिप गॉफ व विल्यम टन्मर यांनी १९८६ साली या दोहोंचा संबंध गुणाकाराच्या रूपाने मांडला. लिपीची उकल आणि भाषेचे आकलन हे त्याचे दोन घटक. एक शून्य असल्यास फळही शून्यच. यांपैकी आकलनाची घडण अक्षरओळखीच्या पुष्कळ आधी, मुख्यतः संभाषणातून सुरू होते.

सातारा जिल्ह्यातील माण हा पर्जन्यछायेतील तालुका. मेंढपाळी हा तेथील जुना व्यवसाय. तेथील अंगणवाडीत ताई आणि मेंढपाळाचे मूल यांच्यात पुढील बोलणे झाले अशी कल्पना करावी :

“रात्री मेंढरं कुठं असतात?”
“वाघरीत.”
“वाघर कशाला लावायची?”
“लांडगा येतुया.”
“लांडगा येतो, होय. आणि वाघर फाटली तर?”
“कोकरू न्हेल की!”

वाघर म्हणजे कळपाभोवती लावावयाचे जाळे. येथे पहिला प्रश्न माहितीचा, दुसरा कारणाचा, तिसरा परिणामाचा आहे. पुढे हेच मूल ‘वाघर फाटली होती. सकाळी एक कोकरू कमी भरले.’ ही वाक्ये वाचील, तेव्हा त्यांत लांडग्याचा उल्लेख नसताही तो त्यास दिसेल. दोन वाक्यांमधील ही न लिहिलेली जागा भरणे, हेच अर्थग्रहण होय. ‘हे काय? रंग कोणता?’ एवढ्यावरच थांबणाऱ्या प्रश्नांनी मुलाची परीक्षा होते. विचाराची साखळी जुळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ताईने ‘येतुया’ हे रूप चुकीचे ठरविले नाही. स्वतःच्या उत्तरात ‘येतो’ हे रूप सहज ऐकविले. शेजारच्या फलटणच्या बोलीतील विविधतेचा अभ्यास मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात केला. घरची बोली ही भाषेची उणीव नसून मुलाजवळचे पहिले भांडवल आहे. प्रत्येक शब्दाला टोकले गेल्यास मूल बोलणे थांबविते, आणि त्याबरोबर आकलनाची वाढही खुंटते.

अर्थात, संभाषण हे अक्षरशिक्षणाचा पर्याय नव्हे. मात्र उकललेल्या अक्षरांना अर्थ लाभावयाचा, तर शाळेत मुलाच्या बोलण्याला आधी जागा मिळाली पाहिजे.