पोलो मोठी कशी झाली?

मध्यंतरी आमच्या शाळेच्या पटांगणात चौथीच्या मुलांनी खडूनं दोन रेघा ओढल्या. एक साडेतीन मीटरची. तिच्या शेजारी दुसरी, चार मीटर पाच सेंटिमीटरची. धडा मापनाचा चालला होता. मी म्हटलं, "ही पहिली रेघ म्हणजे १९७५ सालची एक जर्मन मोटार. दुसरी रेघ म्हणजे त्याच नावाची मोटार, पण २०१७ सालची."

मुलांनी दोन्ही रेघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघे जण लगेच रेघांवर आडवे झाले. आणि एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "बाई, गाडी काय दूध पिऊन वाढती का?"

वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न काही सोडवेना. ती मोटार म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची पोलो. आमची शाळा चाकणपासून फार लांब नाही, आणि ही गाडी बारा वर्षं चाकणला बनत होती. तेव्हा म्हटलं, याचं उत्तर नीट शोधूनच सांगावं. मित्रांनो, तुम्हीही ऐका.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या वोल्फ्सबर्ग गावात. फोक्सवॅगन या शब्दाचा अर्थच मुळी 'लोकांची गाडी'. तिथली बीटल नावाची गोलमटोल मोटार तुम्ही चित्रांत पाहिली असेल. बीटल म्हणजे भुंगेरा, आणि ती दिसायचीही तशीच! तिचं इंजिन मागे असायचं आणि ते पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड व्हायचं. १९७२ च्या फेब्रुवारीत बीटलची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आणि तिनं अमेरिकेतल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीचा विक्रम मोडला. पण एकाच गाडीच्या जिवावर कंपनी किती दिवस बसून खाणार?

त्यात १९७३ चं संकट आलं. ऑक्टोबरात अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल कमी केलं आणि पेट्रोलचे भाव भडकले. तेव्हा जर्मनीचे दोन देश होते, पूर्व आणि पश्चिम. पश्चिम जर्मनीच्या सरकारनं नोव्हेंबरच्या अखेरीपासून चार रविवार खासगी मोटारींना रस्त्यावर यायला बंदी केली. मोठमोठे हमरस्ते ओस पडले आणि त्यांवरून लोक चक्क पायी आणि सायकलवर हिंडले! आता प्रत्येकाला हवी झाली लहान, हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी.

फोक्सवॅगननं १९७४ मध्ये गोल्फ ही गाडी आणली. त्याच वर्षी तिच्या ताब्यातल्या ऑडी कंपनीनं त्याहून लहान 'ऑडी ५०' काढली. आणि १९७५ च्या मार्चमध्ये तिचीच साधी बहीण बाजारात आली. ती आपली पोलो. सांगाडा तोच, अंगावरचे दागिने तेवढे उतरवलेले. गंमत बघा, थोरली नटवी बहीण १९७८ मध्ये बंद झाली. धाकटी साधी बहीण पन्नास वर्षं टिकली.

पहिली पोलो वजनाला फक्त ६८५ किलो. इंजिन ८९५ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्ती. बीटलच्या अगदी उलट, इंजिन पुढे आणि तेही आडवं बसवलेलं. आडवं का? तर इंजिन आडवं ठेवलं की बॉनेटची लांबी वाचते आणि ती जागा आत बसणाऱ्यांना मिळते. पाहुणे आले की आपण कॉट भिंतीला लावून ठेवतो ना, तसंच हे.

मागच्या बाजूला डिकीचं वेगळं खोकं नव्हतं. काचेसकट अख्खी पाठच दारासारखी वर उघडायची. अशा गाडीला हॅचबॅक म्हणतात. मागची सीट आडवी पाडली की आत धान्याचं पोतंसुद्धा मावेल. मागे बसायचं तर मात्र पुढची सीट झुकवून, अंग चोरून आत शिरायचं, कारण बाजूला दोनच दारं होती.

१९८१ मध्ये दुसरी पोलो आली. तिची पाठ जवळजवळ सरळ उभी, पावाच्या लादीसारखी. दिसायला काही फार देखणी नव्हती, असं माझं आपलं मत. पण सामान खूप मावायचं. याच पोलोच्या इंजिनानं एक मोठी भिंत ओलांडली.

ती भिंत म्हणजे बर्लिनची. पलीकडे पूर्व जर्मनीत लोकांना ट्रबांट नावाची मोटार मिळायची. तिच्या अंगाला पत्रा नव्हता. कापसाचा टाकाऊ कचरा आणि राळ एकत्र दाबून तिचे भाग बनवत. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, २६ अश्वशक्तीचं, आणि धूर आपल्या जुन्या रिक्षांसारखा. तरी ती मिळायला दहा दहा वर्षं वाट पाहावी लागे. आपल्याकडे तुमच्या आजोबांनी बजाजच्या स्कूटरसाठी असाच नंबर लावला असेल, विचारून बघा. तर पूर्व जर्मनीनं फोक्सवॅगनशी करार केला आणि पोलोचं इंजिन आपल्याकडे बनवायला घेतलं. १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली आणि १९९० मध्ये पोलोचं इंजिन बसवलेली ट्रबांट निघाली. पण तेव्हा ती घ्यायची कुणाला? सीमा उघडली होती आणि पलीकडच्या गाड्या समोर दिसत होत्या. वर्षभरात ट्रबांट बंद झाली. त्याआधीच, मे १९९० मध्ये, त्सविकाउ या ट्रबांटच्याच गावाजवळ फोक्सवॅगनची जुळणी सुरू झाली होती. तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी कोणती, सांगा बरं? पोलो!

तिसरी पोलो १९९४ ची. हिला पहिल्यांदा बाजूला चार दारं मिळाली. आणि हिच्यातच १९९५ मध्ये एक वेडा प्रकार निघाला, हार्लेकिन पोलो. हार्लेकिन म्हणजे जुन्या इटालियन नाटकांतला रंगीबेरंगी ठिगळांचे कपडे घालणारा विदूषक. कारखान्यात लाल, पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या गाड्या बनवायच्या आणि मग त्यांचे दरवाजे, बॉनेट, बंपर काढून एकमेकींना लावायचे! आपल्या वाट्याला कोणती रंगसंगती येईल, हे गिऱ्हाइकाला आधी कळायचं नाही. हजारेक गाड्या काढू म्हणून सुरुवात केली आणि तीन हजार आठशेच्या आसपास काढाव्या लागल्या. मुलांना मी फोटो दाखवला तर अर्धा वर्ग म्हणाला, "बाई, मला हीच पाहिजे."

आता रेघांकडे येऊ. या तिसऱ्या पोलोची लांबी होती ३ मीटर ७१ सेंटिमीटर. १९७४ ची गोल्फ, म्हणजे पोलोची मोठी बहीण, होती ३ मीटर ७० सेंटिमीटर. म्हणजे धाकटीनं वीस वर्षांत थोरलीला गाठलं! थोरली गोल्फही दरम्यान वाढतच होती. शाळेत पहिलीची मुलं दुसरीत जातात आणि पहिलीचे बाक रिकामे होतात ना, तसं झालं. पोलोच्या रिकाम्या बाकावर १९९८ मध्ये लुपो नावाची गाडी येऊन बसली. लांबी ३ मीटर ५३, जवळजवळ पहिल्या पोलोएवढीच. लुपो गेली, २०११ मध्ये 'अप' आली. तीही २०२३ मध्ये गेली. तो बाक आता रिकामा आहे.

पण ही वाढ कशासाठी? एक कारण सोपं. जुनं गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला येतं तेव्हा त्याला आधीपेक्षा थोडी ऐसपैस हवी असते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हापूसच्या पेटीत आंबे आणि लाकूड यांच्यामध्ये पेंढा घालतात, तो कशाला? पेटी आपटली तर दणका पेंढ्यानं खावा, आंब्यानं नाही. मोटारीत बॉनेटचा भाग हा पेंढा. धडक बसली की गाडीचं नाक चुरगळलंच पाहिजे. ते चुरगळताना दणका खाऊन टाकतं आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहतो. म्हणजे नाकाला लांबी हवी, दारांना आतून मजबुती हवी. पहिल्या पोलोचं वजन ६८५ किलो, आत्ताचीचं अकराशे किलोच्या आसपास. त्यातलं बरंचसं या कामी लागलं आहे.

आणि फारसं वाढलं नाही काय, माहीत आहे? इंजिन! सहाव्या पोलोचं इंजिन ९९९ सीसीचं, चाराऐवजी तीनच सिलिंडर, तरी ताकद ९५ अश्वशक्ती. धुराच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो, तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि तेवढंच इंजिन जास्त काम करतं. याला टर्बो म्हणतात.

२००१ ची चौथी पोलो गोल दिव्यांची होती, एवढं सांगून पुढे जाते. पाचवी २००९ ची, ३ मीटर ९७ सेंटिमीटर. ही युरोपात २०१० ची सर्वोत्तम मोटार ठरली आणि हीच चाकणला आली. २००९ च्या डिसेंबरात इथे पहिली पोलो बनली.

हिची लांबी लक्षात ठेवा, कारण भारतातही एक खडूची रेघ आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं लहान गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. लहान म्हणजे किती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० सीसीच्या आत. पाचवी पोलो रेघेच्या आत बसली, ३ सेंटिमीटर राखून. २०१७ ची सहावी पोलो रेघेबाहेर गेली, ५ सेंटिमीटर ३ मिलिमीटरनं! तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढून पाहा, अर्ध्या पट्टीलाही ते अंतर पुरणार नाही. ही सहावी पोलो चाकणला कधी बनलीच नाही. तोवर लोकांना उंच गाड्या आवडू लागल्या होत्या, तेही आहेच. पाचवी मात्र २०२२ पर्यंत बनत राहिली आणि मग थांबली. चार मीटरची रेघ अजून आहे.

चाकणच्या पोलोची एक गोष्ट सांगायची राहिली. वर्गात ती सांगताना मुलं एकदम गप्प झाली होती. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची परीक्षा घेतली. गाडीत माणसाच्या मापाचे पुतळे बसवायचे आणि ताशी ६४ किलोमीटर वेगानं ती अडथळ्यावर धडकवायची. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत पोलो होती.

आता नीट ऐका. पोलोचा सांगाडा धडकेत शाबूत राहिला होता. पेंढ्यानं आपलं काम केलं होतं. पण परीक्षेला आणलेल्या त्या स्वस्तातल्या पोलोत एअरबॅग नव्हत्या. पुढे बसलेल्या पुतळ्यांचं डोकं आणि छाती वाचवायला मध्ये काही नव्हतं. मग दोन एअरबॅग असलेली पोलो तशीच धडकवली. तिला चार तारे मिळाले. पाचपैकी चार! गाडी तीच, धडक तीच. फरक दोन पिशव्यांचा.

ही पिशवी स्टेअरिंगच्या मधोमध घडी घालून ठेवलेली असते. डोळ्याची पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो; त्याच्या तिसऱ्या हिश्शात पिशवी फुगलेली असते. पण पट्टा बांधलेला असेल तरच तिचा नीट उपयोग. पट्टा नसेल तर माणूस फुगत्या पिशवीवर जाऊन आदळतो.

त्या निकालानंतर कंपनीनं बिनपिशवीची पोलो विकणं बंद केलं. देशात ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सगळ्या मोटारींना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची आणखी नंतर. पाच वर्षं! वर्गात एकानं विचारलं, "मग बाई, आधीच का नाही लावल्या?" त्या पिशव्यांना पैसे पडतात आणि स्वस्त गाडी पटकन खपते, असं मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही.

पोलोनं तिकडे युरोपात गेल्या काही वर्षांत घर बदललं. स्पेनमधल्या पाम्प्लोना गावी, जिथे सणाला गल्लीतून बैल पळवतात आणि पुढे माणसं पळतात, तिथे ती चाळीस वर्षं बनत होती. २०२४ मध्ये ते थांबलं, कारण त्या कारखान्यात आता विजेच्या गाड्या बनवायच्या ठरल्या. युरोपला पोलो जाते ती दक्षिण आफ्रिकेतल्या कारिएगा गावच्या कारखान्यातून. पन्नास वर्षांत दोन कोटींहून जास्त पोलो बनल्या. २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की विजेवरच्या नव्या लहान गाडीलाही पोलोचंच नाव द्यायचं.

आमच्या पटांगणातल्या रेघा पहिल्याच सरीनं धुऊन नेल्या. मुलांनी आता मुख्याध्यापकांची मोटार मोजायची ठरवलं आहे. ती चार मीटरच्या आत की बाहेर, यावर पैजा लागल्या आहेत. टेप कुणाच्या तरी मामांकडून आला, सर मात्र अजून परवानगी देत नाहीत.