गांडूळ : शरीररचना आणि जमिनीची सुपीकता

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी खानदेशातून वाहत गुजरातेत शिरते व सुरतेच्या पुढे अरबी समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळ, सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर इच्छापोर आहे. नदीच्या काठची काळी जमीन, गोड्या पाण्याची डबकी आणि मुखाकडील भरती-ओहोटीचा चिखल अशी तीन निरनिराळी वसतिस्थाने तापीच्या खोऱ्यात आढळतात. अशा जमिनीत गांडूळ, अशा डबक्यात जळू आणि अशा खाऱ्या चिखलात नेरीस नावाचा कृमी राहतो. दिसण्यात व राहणीत भिन्न असले तरी हे तिन्ही प्राणी वलयी या एकाच संघातील आहेत.

या संघातील प्राण्यांचे शरीर एकापुढे एक रचलेल्या वलयाकार खंडांचे बनलेले असते. नेरीसच्या बहुतेक खंडांना दोन्ही बाजूंस वल्ह्यासारखे पार्श्वपाद असतात. पोहणे, सरपटणे व श्वसन यांसाठी त्यांचा उपयोग होतो. जळूच्या शरीरात 33 खंड असून दोन्ही टोकांस चूषक असतात. सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सहा सविष व सहा निर्विष मानले आहेत. गांडुळास पार्श्वपादही नाहीत व चूषकही नाहीत. तरीही जमिनीच्या दृष्टीने या संघात त्याचेच कार्य सर्वांत मोलाचे आहे.

शरीर व हालचाल

भारतात सर्वत्र अभ्यासल्या जाणाऱ्या फेरेटिमा या गांडुळाचे सविस्तर वर्णन लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक कर्मनारायण बहल यांनी 1926 साली प्रसिद्ध केले. या गांडुळाचे शरीर सुमारे 100 ते 120 खंडांचे असते. पूर्ण वाढ झालेल्या गांडुळात 14 ते 16 या खंडांवर पर्याणिका नावाचा जाड पट्टा दिसतो. जवळपास प्रत्येक खंडावर सूक्ष्म, ताठ दृढरोमांचे कडे असते. त्वचेखाली आडव्या व उभ्या स्नायूंचे थर असून आतील पोकळीत द्रव भरलेला असतो. आडवे स्नायू आकुंचन पावले की शरीर लांब व बारीक होते. उभे आकुंचन पावले की ते आखूड व जाड होते. दृढरोम मातीत रोवून गांडूळ एक भाग स्थिर ठेवते व दुसरा पुढे नेते. हाडे नसतानाही ते घट्ट जमिनीत वाट काढते ते याच रचनेमुळे.

श्वसन, रक्त व पचन

गांडुळास फुप्फुसे नसतात. ओलसर त्वचेतूनच ते श्वसन करते. त्याच्या रक्तात हीमोग्लोबिन असते, परंतु ते पेशींत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते. हृदयांच्या चार जोड्या हे रक्त खेळवतात. डोळे व कान नसले तरी त्वचेतील संवेदी पेशींमुळे त्यास उजेड व स्पर्श कळतो.

माती व कुजका पाला तोंडावाटे आत जाऊन आठव्या खंडातील पेषणीत दळला जातो. पुढे आतड्यात पचन होऊन उरलेली माती बारीक गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडते. या गोळ्यांत पिकास सहज मिळणारी अन्नद्रव्ये असतात, तर बिळांतून हवा व पाणी मुळांपर्यंत पोहोचते. इंग्लंडच्या काही भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असे चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते.

प्रजनन व एक गैरसमज

गांडूळ उभयलिंगी आहे. तथापि अंड्यांच्या फलनासाठी दोन गांडुळांचे मीलन व्हावे लागते. पर्याणिकेपासून तयार होणाऱ्या कोशात पिल्लाची वाढ होते. गांडूळ मधोमध तुटले की त्याची दोन गांडुळे होतात, ही समजूत सर्वसाधारणपणे खरी नाही. पुढचा पुरेसा भाग शिल्लक राहिल्यास शेपटी पुन्हा वाढू शकते. मागचा तुकडा मात्र बहुधा मरतो.

शेतकऱ्याने काय करावे

या रचनेतूनच गांडुळाच्या गरजा स्पष्ट होतात. त्वचा सुकली की त्याचा श्वास थांबतो. म्हणून उघड्या, तापलेल्या जमिनीच्या वरच्या थरात ते टिकत नाही. मीठ त्वचेतून पाणी ओढून घेते. म्हणून समुद्राजवळील खारवट जमिनीत, काही किनारी जाती सोडल्यास, गांडुळे क्वचितच आढळतात. पालापाचोळा हे त्याचे अन्न आहे. उसाचे पाचट जाळल्यास अन्न व आच्छादन दोन्ही एकाच वेळी नाहीसे होतात. पाचट सरीतच कुजवावे, शेणखत घालावे, कीटकनाशके गरजेपुरतीच वापरावीत आणि नांगरटीच्या पाळ्या आवश्यक तेवढ्याच द्याव्यात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गांडूळखतासाठी मिळणारी आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी ही गांडुळे शेण व पालापाचोळा यांच्या थरात राहणारी आहेत. ती विकत आणून उघड्या शेतात सोडल्यास त्यांपैकी बहुतेक मरतात व पैसा वाया जातो. ही गांडुळे सावलीतील ओलसर वाफ्यात, अर्धवट कुजलेल्या शेणावर वाढवावीत. ताज्या शेणाच्या उष्णतेने ती मरतात. शेतात टाकावे ते त्यांचे खत. जमिनीतील गांडुळे विकत आणावी लागत नाहीत. अन्न, ओल व आच्छादन मिळाले की ती आपोआप वाढू लागतात.

शिक्षकांसाठी

काचेच्या बरणीत वाळू व काळी माती यांचे आलटून पालटून ओलसर थर द्यावेत, वर पाला पसरून चार-पाच गांडुळे सोडावीत व बरणीभोवती काळा कागद गुंडाळावा. दोन-तीन आठवड्यांत थर मिसळू लागल्याचे दिसते. गांडूळ क्षणभर कोऱ्या कागदावर ठेवून कान जवळ नेल्यास दृढरोमांची बारीक खरखर ऐकू येते. निरीक्षण संपल्यावर ती गांडुळे विद्यार्थ्यांच्याच हातून शाळेच्या बागेत, सावलीच्या ओल्या जागी सोडावीत.