शेतकऱ्याचा मुलगा, कंपनीचा वकील : ओवेन यंग

नभोवाणीची हकिगत सांगताना मार्कोनीचे नाव हटकून येते. यंत्रे घडवणाऱ्या इतरांचीही नावे येतात. एका वकिलाचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. ओवेन डी. यंग हे ते वकील. ते अमेरिकेचे कधी मंत्री झाले नाहीत, पण दोन खंडांतली सरकारे त्यांच्या शब्दाला मान देत. हे वजन आले कुठून आणि त्यावर अंकुश कोणाचा होता, ते आज पाहायचे आहे.

यंग यांचा जन्म १८७४ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅन हॉर्न्सव्हिल या खेड्यातला. न्यूयॉर्क म्हटले की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण शहराबाहेर त्याच नावाचे मोठे राज्य आहे आणि तिथे शेती आहे, गाईगुरे आहेत. आईबापांनी शेत गहाण टाकून मुलाला कॉलेजात धाडले. पुढे बॉस्टनला पोटापाण्याचे काम करीत त्यांनी कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत उरकला. वकिली सुरू झाली ती वीज कंपन्यांच्या कामांनी. १९१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या बड्या कंपनीने त्यांना आपला मुख्य वकील म्हणून बोलावून घेतले. १९२२ पासून ते त्याच कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते.

खरी कसोटी लागली १९१९ मध्ये. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. समुद्रापलीकडे बिनतारी संदेश धाडणारे एक जबरदस्त यंत्र जनरल इलेक्ट्रिकच्या अलेक्झांडरसन नावाच्या इंजिनिअरने तयार केले होते. मार्कोनी कंपनी इंग्रजांची. ती मोठी खरेदी करायला तयार होती, पण हे यंत्र दुसऱ्या कोणाला विकायचे नाही, अशी तिची अट. समुद्राखालच्या तारांवर इंग्रजांचे वर्चस्व होतेच. आता हवेतली वाटही त्यांच्याच ताब्यात जाणार. एप्रिलमध्ये अमेरिकन आरमाराचे अधिकारी कंपनीकडे आले आणि म्हणाले, हा सौदा करू नका.

आता बघा, गिऱ्हाईक सोडायचे तर माल पडून राहणार. यंग यांनी तोड काढली. मार्कोनी कंपनीची अमेरिकेतली शाखाच विकत घ्यायची आणि नवी अमेरिकन कंपनी उभी करायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका जन्माला आली. परकीयांकडे पाचव्या हिश्शाहून अधिक भाग असू नयेत, असे तिच्या घटनेत लिहिले.

दुसरी अडचण पेटंटची. रेडिओचा जीव म्हणजे व्हॉल्व्ह. त्याचा मूळ हक्क एका कंपनीकडे, सुधारणेचा हक्क दुसरीकडे, इतर भागांचे हक्क तिसरीकडे. जुन्या काळची मोट आठवा. मोट एकाची, नाडा दुसऱ्याचा, बैल तिसऱ्याचे. तिघे रुसून बसले तर पाणी कोणाच्याच शेताला नाही. यंग यांनी या सगळ्यांना एकत्र बसवून परस्परांचे हक्क वापरण्याचे करार घडवले. यंत्रातला एक स्क्रूही न फिरवता त्यांनी रेडिओचा धंदा मोकळा केला, असे म्हणायला हरकत नाही.

पण मोकळा कोणासाठी? करारातल्या कंपन्यांसाठी. बाहेरच्या लहान कारखानदाराला त्यांच्या परवानगीवाचून चांगला रेडिओ बनवणे कठीण झाले. एवढी मोठी गोष्ट ठरली ती कायदेमंडळात नव्हे, बंद खोलीत. आरमाराचे अधिकारी आणि कंपनीचे वकील यांच्यात. यंग यांचा हेतू स्वच्छ होता असे मला वाटते. तरी हेतू स्वच्छ असला म्हणून मक्ता मक्ताच राहतो. १९३० मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. ज्या सरकारच्या माणसांनी गाठ मारायला लावली, तेच सरकार ती सोडवायला कोर्टात गेले! १९३२ मध्ये तडजोड झाली आणि जनरल इलेक्ट्रिकला रेडिओ कंपनीतून अंग काढून घ्यावे लागले. दोहोंपैकी एकच कंपनी ठेवता येणार होती. यंग यांनी आपणच उभी केलेली रेडिओ कंपनी सोडली.

मधल्या काळात त्यांची कीर्ती युरोपात पोचली होती, ती जर्मनीच्या कर्जामुळे. युद्धाची भरपाई म्हणून १९२१ मध्ये जर्मनीवर १३,२०० कोटी सोन्याच्या मार्कांचा बोजा ठेवला गेला. तो फिटेना. १९२९ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांची समिती बसली, अध्यक्ष यंग. चार महिने घासाघीस करून आकडा सुमारे ११,२०० कोटींवर आला. हप्ते १९८८ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षांचे. आपल्याकडे आजाने काढलेले कर्ज नातू फेडतो, तसाच हा मामला. जर्मनीत ओरड झाली आणि हिटलरच्या पक्षाने तिचा फायदा घेतला. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, मंदी आली आणि १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत योजना गुंडाळली गेली. मात्र त्या योजनेखाली विकलेल्या कर्जरोख्यांची बाकी उरली. तिच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने भरला तो २०१० साली.

१९३२ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी यंग यांचे नाव पुढे आले होते. त्यांनी नकार दिला. त्यांचा ओढा गावाकडे होता. व्हॅन हॉर्न्सव्हिलच्या आसपास एकशिक्षकी शाळा विखुरलेल्या होत्या. एकाच खोलीत सगळ्या इयत्ता. त्या एकत्र करून यंग यांनी पदरचा पैसा घालून दगडी बांधणीची मोठी शाळा उभारली. लांबची मुले कशी आणायची, चांगले शिक्षक खेड्यात कसे टिकवायचे, हे प्रश्न त्यांनाही सुटले नव्हते असे नाही; पण घेण्यासारखे काही असेल तर ते इथे आहे. १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्याला स्वतःचे विद्यापीठ हवे का, हे तपासणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि १९४८ मध्ये ते विद्यापीठ निघालेही. निवृत्तीनंतर त्यांनी गावी दुभत्या गाईंचा धंदा सांभाळला. १९६२ मध्ये ते वारले. गावच्या शाळेला त्यांचे नाव मिळाले.