विषाचं माप, साखरेचं माप

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीत कुणी कुणापुढे चहाचा कप सरकवला की मुरलेला वाचक सावरून बसतो. 'स्पार्कलिंग सायनाइड'मध्ये (१९४५) विष शॅम्पेनमधून जातं, 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये (१९५३) नाश्त्याच्या मार्मलेडमधून. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं मोजून देण्याचं काम तिनं केलं होतं. १९२०च्या पहिल्याच कादंबरीतलं स्ट्रिक्नीन इतकं चोख उतरलं, की औषधशास्त्राच्या नियतकालिकानं तिची पाठ थोपटली. स्वयंपाकघर असं संशयाचं. आणि पुस्तकांची खोली? तिथं १९४२मध्ये 'द बॉडी इन द लायब्ररी'तलं प्रेत सापडलं.

पुढच्या अर्धशतकात याच दोन जागा वाचकाला हव्याहव्याशा वाटू लागल्या, आणि हा बदल झाला मुख्यतः अमेरिकेत. त्याची चाहूल आधीच देणारा रेक्स स्टाउटचा गुप्तहेर नीरो वुल्फ खवय्याही होता आणि पुस्तकवेडाही. 'टू मेनी कुक्स'मध्ये (१९३८) नामांकित बल्लवाचार्यांच्या मेळाव्यात खून पडतो, पण वुल्फचा खरा डोळा असतो एका सॉसेजच्या पाककृतीवर. खुन्यापेक्षा पाककृती मोलाची, ही खोड तिथलीच असावी.

मग १९८२मध्ये व्हर्जिनिया रिच यांची 'द कुकिंग स्कूल मर्डर्स' आली. काही वर्षांतच रिच गेल्या. त्यांचं अपुरं राहिलेलं काम नॅन्सी पिकार्ड यांनी हाती घेऊन १९९३मध्ये पुस्तकरूपात आणलं. दरम्यान १९९०मध्ये डायेन मॉट डेव्हिडसन यांची केटरिंगवाली गोल्डी अवतरली होती. श्राद्धाच्या जेवणात उंदराचं विष निघतं, तिचा धंदा बंद पडतो आणि स्वतःच्या हातच्या अन्नाला निर्दोष सोडवण्यासाठी तिला तपासाला लागावं लागतं. रक्तपात पडद्याआड, गाव लहान, शोध घेणारी हौशी आणि शेवटी पाककृती: 'कोझी' म्हणतात ती घडी इथं नीट बसली.

पाककृती छापायची म्हटली की लेखिकेचे हात बांधले जातात, हे मला या प्रवासातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. वाचक जे घरी करून पाहणार, त्यात कथेत विष कसं घालायचं? जोआन फ्लूक यांच्या २०००च्या 'चॉकलेट चिप कुकी मर्डर'मध्ये दूधवाला गाडीत मरून पडलेला असतो, भोवती नायिका हॅनाच्या कुकीज विखुरलेल्या. पण त्याला लागलेली असते गोळी. कुकीज निरपराध! ख्रिस्तीला विषाचं माप चुकवून चालत नव्हतं, फ्लूकबाईंना साखरेचं.

पुस्तकांची बाजू थोडी निराळी वाढली. कॅरोलिन हार्ट यांच्या 'डेथ ऑन डिमांड'ची (१९८७) नायिका रहस्यकथांचंच दुकान चालवते. तिथल्या कॉफीच्या मगांवरही रहस्यकथांची नावं. या पंथाच्या अ‍ॅगाथा पुरस्काराचं चिन्ह चहाची किटली आहे, तिच्यावर कवटी. एवढी नेमकी निवड क्वचितच कुठल्या पुरस्काराच्या वाट्याला आली असेल. अ‍ॅलिस अल्फोन्सी आणि मार्क सेरासिनी या जोडप्यानं तर एका टोपणनावानं कॉफीहाउसची मालिका चालवली आणि दुसऱ्यानं झपाटलेल्या पुस्तकदुकानाची.

दोन्ही धागे खरे गुंफले गेले ते लॉर्ना बॅरेट यांच्या 'मर्डर इज बाइंडिंग'मध्ये (२००८). न्यू हॅम्पशायरमधलं स्टोनहॅम हे काल्पनिक गाव, मरगळलेलं, पुस्तकविक्रेत्यांना बोलावून पुन्हा उभं केलेलं. तिथं पाककलेच्या पुस्तकांचं दुकान चालवणारीचा खून होतो आणि एक दुर्मीळ पाकपुस्तक नाहीसं होतं. इथं पुस्तक नुसतं फडताळात बसत नाही, खुनाच्या कारणांत येऊन उभं राहतं. पुस्तकांचं गाव म्हटलं की वेल्समधलं हे-ऑन-वाय आठवतं. आपलं पाचगणीजवळचं भिलारही २०१७मध्ये त्याच्याच प्रेरणेनं पुस्तकांचं गाव झालं. घराघरात पुस्तकं आणि शेतात स्ट्रॉबेरी. मराठीत कुणी अजून तिथं एखादा सभ्य खून कसा पाडला नाही?

अशा पुस्तकांच्या यशानंतर मात्र साचा झिजला. चीजचं दुकान, टी-रूम, स्कोन, मांजर, शाब्दिक कोटी केलेलं शीर्षक. कित्येक मालिकांत खून इतका हलका होतो, की मेलेल्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात वाचकालाही आठवत नाही.

२०२१मध्ये मिया मनानसाला यांच्या 'आर्सेनिक अँड अडोबो'नं त्यात जीव ओतला. इलिनॉयमधल्या छोट्या गावात फिलिपिनो आत्याचं रेस्टॉरंट, तिथं जेवता जेवता एक समीक्षक कोसळतो. विष पुन्हा ताटाशी आलं, पण आता संशयाखाली आहे ते स्थलांतरित कुटुंबाचं पोट, त्यांची चव आणि गावातली त्यांची पत. शेवटी पाककृती आहेतच, आणि त्या करून पाहणं म्हणजे त्या कुटुंबाची बाजू घेणं. पुस्तकांच्या दुकानांतल्या मालिकांना एवढी निकड अजून सापडायची आहे. तिथं बरेचदा दुकानाचं नाव गोड असतं आणि कपाटातलं एकही पुस्तक कुणी उघडून वाचत नाही.