पितरं रागावून येत नाहीत

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागतो तेव्हा पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळात इंद्रायणी भाताचं पीक पोटरीत आलेलं असतं, काही खाचरांत निसवायलाही लागलेलं असतं. गावात जो तो एकमेकांना विचारतो, ‘तुमच्याकडं पितरं कधी?’ त्या दिवशी खीर, वडे, कढी, अळूवडी, आमसुलाची चटणी, गवार-भोपळा-कारल्याची भाजी होते. गेलेल्या माणसाला आवडणारा एखादा पदार्थ आठवणीनं केला जातो. भावकी पंगतीला बसते. एवढ्या मायेनं बोलावलेल्या माणसांच्या या पंधरवड्याला आपण अशुभ कसं म्हणायला लागलो, हे मला कळत नाही. पण म्हणतो खरं. लोणावळ्यातली खरेदीखतं याच दिवसांत पुढं ढकलली जातात, बुक केलेली गाडी घरी आणायला लोक घटस्थापनेची वाट पाहतात.

पितर अशुभ असते तर लग्न-मुंजीच्या आरंभी नांदीश्राद्ध का केलं असतं? त्याला वृद्धिश्राद्ध असंही नाव आहे. घरात मंगल कार्य निघालं की आधी पूर्वजांना बोलावून त्यांचा आशीर्वाद घ्यायचा, मग पुढचं. पितृपक्षात लग्न-मुंजी टाळतात हे खरं. पण हा पंधरवडा एका कामासाठी राखून ठेवलाय, म्हणून ते टाळणं. सोनं, घर, गाडी यांच्या खरेदीची धास्ती रूढीनं त्याला मागाहून चिकटवली.

दुसरा गैरसमज कावळ्याचा. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही की घरची माणसं कासावीस होतात. काय इच्छा राहिली, कोणाचं चुकलं, यावर तिथंच कुजबुज सुरू होते. आधीच खचलेल्या बाईला त्या घाटावर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी पाहिलंय, आणि त्याचा मला फार त्रास होतो. कावळा हा सावध पक्षी. भोवती गर्दी असेल, जागा अनोळखी असेल, किंवा शेजारच्या पिंडांवर आधीच पोट भरलेलं असेल, तर तो येत नाही. हे जुन्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववायची सोय परंपरेतच आहे.

याच्या उलट टोकाचा एक मजकूर दर पितृपक्षात मोबाइलवर फिरतो: वड-पिंपळाची बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, कावळी भाद्रपदात अंडी घालते, म्हणून ऋषींनी कावळ्यांना खाऊ घालायला सांगितलं. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. घरकावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये होते; भाद्रपदापर्यंत पिल्लं उडून गेलेली असतात. वड-पिंपळाची फळं तांबट, मैना, बुलबुल, हरियाल, वटवाघळं असे कितीतरी जीव खातात आणि बी पसरवतात. कावळा त्यांतलाच एक. कौलावर घास ठेवायला माया पुरेशी आहे, त्याला खोट्या विज्ञानाचा टेकू कशाला द्यायचा?

‘आमचे पितर भाद्रपदातले, उत्तरेकडच्यांचे आश्विनातले’ असंही ऐकू येतं. पंधरवडा एकच आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून नाव तेवढं बदलतं. माणूस गेला त्या तिथीला या पक्षात त्याचं श्राद्ध करायचं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

अपघातात गेलेल्यांविषयीचा समज मात्र फार क्रूर आहे. आमच्या मावळ तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो, जुना हमरस्ता जातो, लोहमार्ग जातो. पावसाळ्यात धबधब्यांत आणि धरणांत माणसं वाहून जातात. अशा घरांना लोक सांगतात की त्याचा आत्मा भटकणार, मोठी शांत करा. शास्त्रानं या माणसांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांसाठी वद्य चतुर्दशी मुद्दाम राखलेली आहे, तिला घातचतुर्दशी म्हणतात. विधी श्राद्धाचाच. आणि पैशाचं म्हणाल तर ज्याच्याजवळ काहीच नाही त्यानं नुसते हात वर करून आपली भक्ती पितरांना सांगावी, तेवढ्यानं ते तृप्त होतात, असं विष्णुपुराणात सांगितलंय. हजारोंचा खर्च सांगणाऱ्यापुढं हे बेलाशक म्हणावं.

मुलगा नाही म्हणून पाणी पाजायला कोणी नाही, हेही खरं नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, मुलीच्या मुलानं आपल्या आजोबांचं मातामह श्राद्ध करायचं असतं. आणि याच पुणे जिल्ह्यात 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव फुले गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेतलं अग्नीचं मडकं, हातात धरलं आणि अग्नी दिला. आज मावळातल्या एखाद्या लेकीनं बापाला अग्नी दिला की तिला अडवणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

राख नदीतच सोडायला हवी, हा आग्रहही सोडता येण्याजोगा आहे. इंद्रायणी आमच्या मावळातल्या कुरवंड्याजवळ उगम पावते. इथं तिच्यात जे टाकू ते देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेपर्यंत जाणार. राज्यात काही गावांत आता राख स्वतःच्या शेतात घालून तिच्यावर आंब्याचं, फणसाचं रोप लावतात. मला ते फार आवडतं.

आपल्या तीन पिढ्यांपुरतंच श्राद्ध, असंही समजू नये. बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या बायका आहेतच, पण महालयात, म्हणजे या पंधरवड्यातल्या श्राद्धात, आईच्या माहेरची माणसं येतात, गुरू येतात, मित्र येतात. ज्यांच्यामागं कोणीच उरलं नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडतात. पवना धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, तिथली कितीतरी घरं पांगली. त्या गावांत राख झालेल्या, आता कोणाला नावही आठवत नसलेल्या माणसांचं पाणी त्याच ओंजळीत असतं.