न पाहिलेला उतारा, पाहिलेला समुद्र

इंग्रजी वाचताना : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण शब्दसंग्रहाचा विचार केला. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली मांडलेला निष्कर्ष तेव्हा पाहिला होता. एखादी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची, तर तिच्यातल्या दर शंभर शब्दांपैकी साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. ते मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. शब्द ओळखीचे असताना उतारा का कळत नाही? दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे पाहिलेलं असतं. मूल मोठ्याने अडखळत का होईना वाचतं, एकेका शब्दाचा अर्थ सांगतं, आणि ‘बरं, मग यात झालं काय?’ असं विचारलं की गप्प बसतं. आजचा लेखांक त्या मुलासाठी आहे.

उदाहरण म्हणून दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यासारखं गाव घेऊ. एका बाजूला जोग नदीची खाडी, समोर समुद्र, वर कड्यावरचा गणपती. इथलं मराठी माध्यमाचं मूल पहिलीपासून इंग्रजी शिकतं; राज्यात २००० सालापासून तशी सोय आहे. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत त्याची या भाषेशी दहा वर्षांची ओळख झालेली असते. ते नापास होण्याचीही फारशी भीती नसते. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात सतत पहिलं आहे. पण पास होणं आणि वाचता येणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर परीक्षेतल्या न पाहिलेल्या, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, उताऱ्यात उघडं पडतं.

कृतिपत्रिका काय मागते

तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० गुण आहेत आणि पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला १०. त्याच उताऱ्याच्या सारांशाला आणखी ५. उताऱ्यावर दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात. पहिल्या दोन माहितीवर, तिसरी शब्दांवर, चौथी व्याकरणावर आणि पाचवी स्वतःच्या मतावर.

ही रचना चांगली आहे. मुलांना तिची तयारी मात्र उलट्या बाजूने करून घेतली जाते. आधी प्रश्न वाच, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध, ज्या ओळीत सापडेल ती ओळ उतरवून काढ. पाठ्यपुस्तकातले उतारे तर वर्गात ओळीओळीने मराठीत सांगितलेले असतात आणि मुलांनी ओळींच्या मधे पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवलेले असतात. असं पुस्तक हाती असलेल्या मुलाला इंग्रजी ओळ वाचावीच लागत नाही. ते पेन्सिलीतलं मराठी वाचतं. शोधून उतरवण्याने पहिल्या दोन कृतींचे गुण बऱ्याचदा मिळून जातात. सारांशाशी आणि स्वतःच्या मताशी आलं की ही युक्ती संपते, कारण तिथे उतरवायला ओळ नसते.

वाक्य अडतं कुठे

एक वाक्य घेऊ. ते मी या लेखासाठी केलं आहे आणि देवनागरीत देतो. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी ते इंग्रजी लिपीत लिहावं.

‘ऑल्दो द बीच लुक्ड एम्प्टी, द व्हॉलंटिअर्स हू हॅड वॉक्ड इट सिन्स फोर इन द मॉर्निंग न्यू फ्रॉम द ट्रॅक्स दॅट अ टर्टल हॅड कम अशोर अँड गॉन बॅक.’

यात दहावीच्या मुलाला फार अवघड असे शब्द नाहीत. एखादा अडलाच तर ‘अशोर’. तरीही अनेक मुलं याचा अर्थ असा लावतील : किनारा रिकामा होता, स्वयंसेवक पहाटे चारला चालत होते, कासव आलं आणि गेलं. यातलं काहीच सपशेल चूक नाही, पण वाक्याचा जीव निसटला. वाक्याचा कणा एवढाच आहे : स्वयंसेवकांना कळलं. काय कळलं, कशावरून कळलं, हे स्वयंसेवक कोणते, हे सगळं त्या कण्याला जोडलेलं आहे.

मुलाची अडचण नेमकी इथे येते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत धीर धरतो आणि शेवटी सगळं जुळवतो. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद येईल असं मुलाला शिकवलेलं असतं. इथे कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये नऊ शब्द येऊन बसले आहेत. वाटेत ‘वॉक्ड’ हे क्रियापद भेटतं, आणि मूल तेच मुख्य मानून पुढे निघतं. मग ‘न्यू’ हे खरं मुख्य क्रियापद आलं की त्याला जागाच उरत नाही.

उपाय आपल्या भाषेत तयार आहे. ‘जे स्वयंसेवक पहाटे चारपासून किनारा फिरत होते, त्यांना ठशांवरून कळलं’ ही जो-तो ची रचना प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडात आहे. ‘हू’ दिसला की मनात ‘जे’ म्हणायचं आणि ‘त्यांना’ किंवा ‘ते’ येईपर्यंत थांबायचं. ‘ऑल्दो’ दिसला की ‘जरी’ म्हणायचं आणि ‘तरी’ची वाट पाहायची. मराठी वाचक या जोड्यांची वाट पाहायला लहानपणापासून सरावलेला असतो. ही सवय इंग्रजीकडे वळवली की लांब वाक्याची भीती बरीच कमी होते.

ठाऊक असलेलं जग

आता वाक्याचा दुसरा पदर. समजा, चूक की बरोबर अशी कृती आली : ‘स्वयंसेवकांनी कासव पाहिलं.’ उत्तर : चूक. पण वाक्यात ‘त्यांनी पाहिलं नाही’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ठसे दिसले, त्यावरून त्यांनी ताडलं, एवढंच लिहिलं आहे. बाकीचं वाचणाऱ्याने भरायचं.

कुणाला भरता येईल? आंजर्ल्याच्या मुलाला हमखास. इथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालतात आणि उजाडायच्या आत समुद्रात परततात. त्यांचं दर्शन क्वचित घडतं. मागे राहतात ते वाळूवरचे ठसे. त्या ठशांवरून कासवमित्र घरटं शोधतात आणि अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी नेऊन पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला २००२ साली सुरू केलेलं हे काम पुढे आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवर पसरलं. त्यामुळे इथल्या मुलाला हे धड्यातून शिकावं लागत नाही.

वाचनात अशा माहितीचं वजन किती असतं, याचा अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळाची फारशी माहिती नसलेल्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली ठरली. खेळ जाणणाऱ्यांमध्ये तर कच्च्या आणि पक्क्या वाचकांत फारसा फरकच राहिला नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. आंजर्ल्याच्या मुलाला वाचन शिकवायला पहिला उतारा बर्फवृष्टीचा किंवा भुयारी रेल्वेचा देऊ नये. कासवाचा द्यावा, हर्णैच्या मासळी-लिलावाचा द्यावा, सुपारीच्या वाडीचा, आंब्याच्या मोहोराचा द्यावा. जग ओळखीचं असलं की मुलाचं सगळं लक्ष वाक्याच्या रचनेकडे राहतं. रचना हाताशी आली की तेच मूल बर्फाचा उताराही वाचेल. तिथे मग माहिती वाढवण्याचं दुसरं काम सुरू होतं, आणि ते काम मराठी वाचनाने फार वेगाने होतं. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मराठीत सूचित अर्थ ओळखणारं मूल ते कसब इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून शिकत नाही.

आंजर्ल्याला लागून असलेल्या मुर्डीत १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ साली ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या स्थानी आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांची प्रतिभा असामान्य होती, तिचा दाखला सगळ्यांना लावता येणार नाही. पण मराठीतून सुरुवात केली की इंग्रजी कच्चं राहतं, या समजुतीला याच पंचक्रोशीतून इतकं ठळक उत्तर मिळालेलं आहे.

चीनमधला एक प्रश्न

आपल्यासारखीच अडचण चीनच्या मुलांनाही येते. चिनी भाषेत नामाचं वर्णन, कितीही लांब असो, नामाच्या आधी येतं. इंग्रजीतलं नामामागून येणारं लांबलचक वर्णन तिथल्या मुलांना चकवतं. त्यांच्या गाओकाओ या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी १५० गुणांचं असतं आणि त्यातले ५० गुण निव्वळ वाचनाचे. चार उतारे, त्यांवर पर्यायी उत्तरांचे पंधरा प्रश्न, आणि एक वेगळाच प्रकार : उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात. खाली सात वाक्यं दिलेली असतात. त्यांतली योग्य पाच योग्य जागी बसवायची.

हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. इथे शब्द शोधून उतरवण्याची सोयच नाही. आधीचं वाक्य काय सांगतं, पुढचं कशाकडे जातं, मधल्या ‘इट’ किंवा ‘दे’चा संबंध कुणाशी आहे, हे कळल्याशिवाय एकही जागा भरता येत नाही. म्हणजे मुलाला वाक्यांमधलं नातं वाचावं लागतं, आणि वाचन म्हणजे मुख्यतः तेच. चीनमध्येही या परीक्षेचा ताण प्रचंड आहे; त्या पद्धतीचं अनुकरण करण्याचं कारण नाही. एवढा एक प्रश्नप्रकार मात्र आपल्या वर्गात खुशाल आणावा. त्याला खर्च नाही आणि मंडळाच्या परवानगीचीही गरज नाही.

या आठवड्याचा अभ्यास

शिक्षकांनी किंवा पालकांनी ओळखीच्या विषयावरचा दहा-बारा वाक्यांचा इंग्रजी उतारा घ्यावा. मुलाला आधी त्या विषयावर मराठीत दोन मिनिटं बोलू द्यावं. मग उतारा एकदा सलग, मनातल्या मनात वाचायला सांगावा. पेन्सिल हाती देऊ नये. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ‘काय झालं?’ एवढंच विचारावं आणि उत्तर मराठीत घ्यावं. मराठीत सांगता आलं म्हणजे उतारा समजला. लिहिण्याचं इंग्रजी हा वेगळा धडा आहे. दोन्हींची परीक्षा एकदम घेतली, तर मूल नेमकं कुठे अडलं ते कळत नाही.

दुसऱ्या वाचनात सर्वांत लांब वाक्य निवडून त्याचा कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधायला लावावं. तिसऱ्या दिवशी त्याच उताऱ्यातली तीन वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर काढावीत, दोन खोटी वाक्यं त्यांत मिसळावीत आणि रिकाम्या जागा भरू द्याव्यात. प्रत्येक वेळी ‘हेच वाक्य इथे का?’ हा प्रश्न विचारायला विसरू नये. मुलाने दिलेलं कारण ऐकलं की त्याचं वाचन कुठवर आलं आहे हे गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट दिसतं.

मूल मंदबुद्धी नसतं, आळशीही नसतं. दहा वर्षं त्याच्याकडून उत्तरं मागितली गेली. काय वाचलंस, हे फारसं कुणी विचारलं नाही. ते विचारायला या आठवड्यापासून सुरुवात करू.

पुढील लेखांकात : सारांशाचे पाच गुण, म्हणजेच काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय.